वाघाचं दूध, वाटीभर

उपासाचं रताळं माशाच्या मांडीला मांडी लावून बसलेलं पाहिलं की कोकणी माणूस आधी दचकतो. पेरू देशाच्या धर्तीवर छोट्या-छोट्या ताटल्या देणाऱ्या हॉटेलात सेविचे मागवलं की समोर येतं ते हेच. कच्च्या माशाचे चौकोनी तुकडे, वर लाल कांद्याचे काप, मिरची, कोथिंबीर, एका कडेला रताळ्याच्या चकत्या, दुसऱ्या कडेला भाजलेला मका. तसं यातलं अनोळखी काहीच नाही. मिरची, बटाटा, रताळं, मका, सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडाकडचीच, आणि ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगिजांकडून उचललेला. दचकायचंच तर कच्च्या माशाला दचकावं.

‘लिंबात शिजतो’ असं वेटर सांगतो, ते अर्धंच खरं. आंबटाने माशातली प्रथिनं आळतात, काचेसारखा दिसणारा तुकडा पांढरा आणि घट्ट होतो. पण आच लागलेली नसते, त्यामुळे जंतू आणि अळ्या लिंबाला भीक घालत नाहीत. म्हणून निदान अळ्या तरी मराव्यात यासाठी कच्चा खायचा मासा उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवून मग वापरतात. घरातला फ्रीझर दिवसातून दहादा उघडतो, त्याच्यावर हे काम सोपवू नये. ‘आज सकाळीच बंदरावरून आणलाय’ हे कालवणासाठी उत्तम प्रमाणपत्र आहे. सेविचेसाठी ‘गोठवला होता का?’ हेही विचारावं. बांगडा तर नकोच. तो तेलकट, आणि बर्फावाचून थोडा वेळ राहिला तरी त्यात ॲलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामिन तयार होतं, जे पुढे शिजवूनही जात नाही. घट्ट, पांढऱ्या मांसाची मासळी बरी. पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, मानाची असते कॉर्विना, आणि आपली घोळ तिच्याच कुळातली. पण घोळीचा भाव ऐकून हॉटेलवाले सुरमईवर येतात, आणि ती काही वाईट नाही.

करायची रीत सोपी, म्हणूनच बिघडते. अर्धा किलो माशाचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे. आधी नुसतं मीठ, चहाचा दीड चमचा, आणि मिनिटभर थांबायचं. मग आठ-दहा लिंबांचा रस. लिंबू जीव खाऊन पिळायचं नाही, सालीचा कडवटपणा उतरतो. कांदा केसासारखा चिरून बर्फाच्या पाण्यात धुवायचा, नाहीतर दुसरी कुठली चवच लागत नाही. रसात बर्फाचे दोन खडे फिरवून काढून घ्यायचे. पाच मिनिटांत ताटली टेबलावर हवी. अर्धा तास मुरवलेला तुकडा दाताखाली रबरासारखा लागतो. पूर्वी तासन्‌तास मुरवत. हा पाच मिनिटांचा घाईचा संस्कार जपान्यांचा. 1899 मध्ये जपानी मजूर जहाजाने पेरूला पोचले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिथल्या माशाला सुरीची शिस्त लावली. कांद्याशिवाय, पातळ कापांचं तिरादितो हे त्यांचंच.

खाली उरतो तो पांढुरका, झणझणीत रस. त्याचं नाव वाघाचं दूध. वाघिणीचं दूध म्हटलं की आपल्याला इंग्रजीचा तास आठवतो, पण हे खरोखर प्यायचं असतं, आणि ताटली उचलायला आलेल्या पोऱ्याला थांबवून प्यावं. सोलकढी पिणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

इकडच्या आचाऱ्यांना लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालायची हौस येते. आगळात मीठ आधीच भरपूर, त्यावर पुन्हा मीठ पडलं की सगळं खारट. शिवाय तुकडे लालसर होतात, मग मासा पांढरा कधी झाला ते दिसतच नाही. लिंबाने काम करून वाढताना वरून चार थेंब आगळ, एवढंच शोभतं. त्रिफळ घातलेलं सेविचे मात्र जमलं तर लाजवाब.

एकेक ताटली मधोमध येते आणि चौघांचे चमचे तीत पडतात. उष्ट्या-खरकट्याचा हिशेब ठेवणाऱ्या आज्या सोबत असतील तर वाढायचा चमचा वेगळा मागावा. सगळं एकदम मागवू नये; गरम ताटलीची वाट बघेपर्यंत सेविचे मुरत बसतं. आधी थंड-आंबट, मग कौसा, शेवटी निखाऱ्यावरचं. कौसा म्हणजे लिंबू आणि पिवळ्या मिरचीचं वाटण घातलेला थंड बटाटा, पोटात खेकडा किंवा कोंबडी. बटाटा गरम असतानाच चाळणीतून दाबून काढायचा. मिक्सरमध्ये टाकला की खळ तयार. चमच्याला तार सुटली तर मिक्सर फिरलाय असं खुशाल समजावं.

पेरूत सेविचेचा राष्ट्रीय दिवस 28 जूनला असतो. नेमक्या त्या दिवसांत आपल्याकडे मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. तेव्हा कार्डावर सेविचे दिसलं तर मासा कुठला ते विचारावं, आणि उत्तर लांबलं तर कौसा मागवावा.