आमची वाटचाल : थंडीत थांबलेला मासा

पहिल्या वर्षी आम्ही माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडली ती ऑक्टोबरात. धरण भरलेलं, परवानगी हातात आलेली, मग थांबायचं कशाला असं वाटलं. इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणाच्या फुगवट्यात ६ बाय ४ मीटरचे, ४ मीटर खोल असे आठ पिंजरे, आणि त्यांत 'गिफ्ट' या सुधारित वाणाची तिलापिया, म्हणजे आपल्या बाजारातली चिलापी. महिनाभर मासा खाद्यावर तुटून पडायचा. डिसेंबर लागला आणि दाणे पाण्यावर तसेच तरंगत राहू लागले. रोग आला या समजुतीने आम्ही औषधं शोधत बसलो, खाद्य मात्र ठरल्या मापाने टाकतच राहिलो. जानेवारीत पन्नास मासे काट्यावर ठेवले तर वजन जवळजवळ तेवढंच. पोती तेवढी रिकामी झाली होती.

माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं आणि त्याबरोबर पचनही मंदावतं. चिलापीला २७ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २० च्या खाली तिची भूक मरते. हे मी वाचलेलं होतं. पण धरणाचं एवढं मोठं पाणी कशाला गार होईल, असं धरून चाललो होतो.

बाबांची आयुष्यभर द्राक्षबाग. ते म्हणाले, "गारठ्यात मणी फुगत नाहीत, तसंच हे. तू पारा बघतोस का?" त्या दिवसापासून थंडीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान आम्हीही द्राक्षवाल्यांसारखं रोज सकाळी बघू लागलो, आणि पिंजऱ्यात एक मीटर खोल सोडलेला तापमापकही. पाणी गार झालं की खाद्य निम्म्यावर, तेही दुपारी ऊन आल्यावर.

ती पहिली तुकडी वाया गेली नाही. फेब्रुवारी सरता सरता मासा पुन्हा खाऊ लागला आणि जूनमध्ये विक्रीला आला. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, नाशिकच्या बाजारात खाऱ्या पाण्यातला ताजा मासा कमी येतो. तेव्हा आमची चिलापी चांगली गेली. मग श्रावण लागला आणि गिऱ्हाईक थांबलं. आता बोटुकली फेब्रुवारीअखेर सोडतो. उन्हाळा-पावसाळ्यात ती वाढते, श्रावण आणि नवरात्र पिंजऱ्यातच काढते, आणि दसऱ्यानंतर, गारठा धरायच्या आत आम्ही काढणी उरकतो.

वजनाएवढंच मांसाकडे बघायला आम्ही उशिरा शिकलो. दुसऱ्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याकडून स्वस्त खाद्य घेतलं. प्रथिनं कमी, पिष्ट जास्त. मासे झपाट्याने भरले, पण कापल्यावर पोटात पांढऱ्या चरबीचा थर आणि मांस सैल. एक नेहमीच्या काकू परत येऊन म्हणाल्या, "दादा, या वेळचा मासा कढईत सुटला हो." मला ते फार लागलं. शिवाय उन्हाळ्यात पाण्यात शेवाळ वाढलं की मातकट वास मांसात उतरतो. त्यावर उपाय एकच: काढण्याआधी काही दिवस मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात, उपाशी ठेवणं. त्यात वजन घटतं. ते नुकसान आम्ही सोसतो.

कारवारला समुद्रातले पिंजरे बघायला गेलो होतो. तिथे जिताडा आणि कोबिया वाढवतात. त्यांची भीती वेगळी, लाटांची. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पावसाळ्याआधीच काढणी होते. माशातलं ओमेगा-३ बरंचसं त्याच्या खाद्यावर ठरतं, हे मला तिथे नीट उमगलं. म्हणून आमची चिलापी समुद्राच्या माशाच्या तोडीची आहे असं मी कुणाला सांगत नाही. चांगली प्रथिनं आणि ताजेपणा एवढंच सांगतो.

दुकानात पाटीवर काढणीची तारीख खडूने लिहिलेली असते. जानेवारीत ती पाटी कोरी असते, आणि विचारणाऱ्याला आम्ही दसऱ्यानंतर या म्हणतो.