वहीतली कोरी पानं

भयपटावर लिहायचं असलं की तो बघताना मी मांडीवर वही ठेवते. अंधारात लिहायचं म्हणजे ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लावत बसावं लागतं. परवा अशीच एक जुनी वही चाळली, तर तिच्यात नुसत्या तक्रारी. 'आवाज खराब.' 'हा घाबरत नाहीये, पुढचं वाक्य आठवतोय.' 'पुन्हा दार करकरलं.' आणि मध्येच अर्धं पान, कधी अख्खं पान कोरं.

कोरं पान म्हणजे तिथे मी घाबरले होते. हातात पेन असून लिहायचं भान नव्हतं. म्हणजे या टिपणांवरून परीक्षण लिहायला घेतलं, तर चित्रपट जिथे फसला तेवढंच उतरणार. जमलेल्या जागांचा पुरावाच नाही.

बड्या निर्मात्यांच्या भयपटांत ही पंचाईत होत नाही. कुठे दचकायचं ते संगीत आधीच सांगतं. मी पेन खाली ठेवते, दचकते, पुन्हा उचलते. घोडं अडतं ते तुटपुंज्या पैशांत, आपल्याच डोक्याने केलेल्या चित्रपटांपाशी.

'कार्निव्हल ऑफ सोल्स' घ्या, १९६२ चा. हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्सचा, शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करणारा माणूस. ग्रेट सॉल्ट लेकजवळचा साल्टएअर हा ओसाड पडलेला करमणुकीचा मंडप त्याला गाडीतून जाताना दिसला आणि चित्रपट डोक्यात शिरला. तोंडाला पांढरा रंग फासून त्यातलं भूतही तोच झाला. (तेवढाच एका नटाचा खर्च वाचला.) माझ्या वहीत यावरची पहिली ओळ आहे, 'संवाद ओठांशी जुळत नाहीत.' ते खरंच आहे. पण पुढे नायिका एका दुकानात असताना भोवतीचा सगळा आवाज नाहीसा होतो. ती बोलते, पण कुणालाच ती दिसत नाही, ऐकू येत नाही. तोवर ढिसाळ ध्वनीला कान सरावलेले असतात, म्हणून क्षणभर वाटतं, इथेही काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नाही हे उमगतं आणि पोटात खड्डा पडतो. तिथे पान कोरं.

आता त्या आधीच्या ढिसाळपणाचे गुण कापायचे की द्यायचे? मी कापते. गरिबीला सरसकट शैली म्हणणारे परीक्षक मला पटत नाहीत. ओठ जुळले नाहीत ते पैसे नव्हते म्हणून. शांतता मात्र हार्वीने मुद्दाम आणली. पण त्या गैरसोयीनेच शांततेची वाट सोपी केली, हेही लिहायला हवं, आणि ते 'चांगला' किंवा 'वाईट' या दोन शब्दांत बसत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे कंटाळा. काइल एडवर्ड बॉल हा कॅनडाचा दिग्दर्शक आधी लोकांनी कळवलेल्या दुःस्वप्नांवरून यूट्यूबसाठी छोट्या फिती करायचा. २०२२ चा 'स्किनामारिंक' त्याने स्वतः जिथे लहानाचा मोठा झाला त्याच घरात, साधारण १५,००० डॉलरमध्ये केला. रात्री दोन लहान मुलं जागी होतात. वडील नाहीत, आणि घराची दारं-खिडक्या एकेक करून नाहीशी होतात. कॅमेरा मात्र माणसांचे चेहरे टाळून छत, कोपरे, टीव्हीचा उजेड बघत राहतो. दाणेदार अंधारात डोळे ताणताना नसलेले आकारही दिसू लागतात. ती मेहनत माझी, भीतीही माझीच. दिग्दर्शकाच्या नावावर किती टाकायची?

'घाबरवतो का?' असं कुणी विचारलं तर या चित्रपटाबद्दल मला सरळ उत्तर देता येत नाही, म्हणून वही उघडली. 'छत. चौकट. पुन्हा छत. माणूस दिसेना.' त्याखाली एक अर्धवट शब्द, 'कंटा' असा दिसणारा. पुढचा 'ळा' राहिला, की मला 'काटा' लिहायचं होतं आणि काना सुटला? वरचा ठिपका अनुस्वार आहे की पेन टेकल्याचा डाग, तेही कळत नाही. उजेडात धरून पाहिलं, पान उलटून मागे उमटलेला ठसाही पाहिला.

त्याच्या खाली पान कोरं आहे.