साडेबारा किलो एसएसटी

मागच्या महिन्यात मी साडेबारा किलो हत्यारं घेतली. किलोवर, कांदे घ्यावेत तशी.

हायवेलगतच्या एका शोरूमचं वर्कशॉप दुसऱ्या जागेत हलत होतं. तिथला स्टोअरवाला स्वतःची गाडी मात्र माझ्या गॅरेजला दाखवतो, त्यामुळे ओळख. त्याचा फोन आला, "दादा, एसएसटीचं कपाट रिकामं करायचंय. भंगारवाला उद्या अकराला येतोय. तुम्ही नऊला या."

एसएसटी म्हणजे स्पेशल सर्व्हिस टूल. नवीन मॉडेल आलं की डीलरला त्या मॉडेलची खास हत्यारंही घ्यावी लागतात. अमुक सील बसवायची डॉली, तमुक बेअरिंग ओढून काढायचा पुलर, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायची पिन. मॉडेल बंद झालं, त्याच्या गाड्या शोरूमला यायच्या थांबल्या, की हत्यारं कपाटात पडून राहतात. गाड्या मात्र कुठे जात नाहीत. त्या आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांकडे येतात, नाशिकच्या वडाळा नाक्याला, द्वारकेच्या मागे, अंबडच्या गल्ल्यांत. म्हणजे गाडी आमच्याकडे आणि तिचं हत्यार त्यांच्याकडे, अशी दहा-दहा वर्षं ताटातूट.

नऊला गेलो. भिंतीवर मोठी पाटी, तिच्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलेला. बरेच आकार रिकामे होते. कोणीतरी कधीतरी काम करायला काढलं आणि परत टांगलंच नाही. जे उरलं होतं त्यातलं निम्मं तेलाच्या पिशवीत तसंच, सील न फोडलेलं. कारागिराला घाई असते, तो हातोडी नि जुनी बेअरिंग रिंग घेऊन काम उरकतो. मीही आयुष्यभर तेच केलंय, नावं कोणाला ठेवू?

या हत्यारांवर नाव नसतं, फक्त ठोकलेला नंबर. पुस्तक हातात असेल तर ते हत्यार, नसेल तर लोखंड. तिथल्या नव्या साहेबांना मी एक तुकडा दाखवून विचारलं, हे कशाचं? ते म्हणाले, "लोखंडाचं."

भंगारवाला ३५ रुपये किलो देणार होता. मी १२० म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच येडा. बिल मागितलं, 'जुने साहित्य' असं लिहून घेतलं आणि गेटपास घेतला. हे सगळ्यांनाच सांगतो, कितीही ओळख असली तरी बिलाशिवाय शोरूमचं हत्यार उचलायचं नाही. उद्या स्टोअरवाल्याची नोकरी जाते आणि आपल्यावर आळ येतो.

घरी येऊन ढीग पोत्यावर ओतला आणि त्यात मला ती पिन दिसली. करंगळीएवढी जाड, एका टोकाला आटे, अंगावर रेनॉचा हत्यार-नंबर, मॉट १४८९. तिची जोडीदार १४३० पण होती. मी अक्षरशः खाली बसलो.

कारण सांगतो. लोगन ही आपली नाशिकची गाडी. महिंद्रा आणि रेनॉच्या भागीदारीत २००७ मध्ये आली, इथल्याच कारखान्यात बनायची. २०१० मध्ये भागीदारी सुटली, २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो म्हणून विकली गेली. तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, इंजिनचं हेड उतरवावं लागतं. म्हणून बेल्ट वेळेत बदलायचा, आणि बदलताना कॅम आणि क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोन्ही नेमक्या जागी धरायचे. १४३० कॅमच्या पुलीतून हेडच्या भोकात जाते. तिचं काम आठ एमएमच्या ड्रिलने भागतं. क्रँकची पिन, म्हणजे १४८९, मात्र इंजिनच्या ब्लॉकवरचा एक बोल्ट काढून तिथे आत फिरवायची असते. ती माझ्याकडे नव्हती, मी व्हाइटनरची खूण करायचो.

पाचेक वर्षांपूर्वी एका मास्तरांच्या लोगनला असाच बेल्ट टाकला. सकाळी स्टार्टिंगला त्रास, चढाला ओढ नाही. मास्तर तीनदा आले. मी फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून टेस्टिंगला दिले, सेन्सरला शिव्या दिल्या. चौथ्यांदा बेल्ट उघडला तर क्रँक एक दात मागे. एकच दात! माझी व्हाइटनरची रेघ दाताहून जाड होती. इंजेक्टर टेस्टिंगचे पैसे मी मास्तरांकडून घेतले नाहीत. पण ते नंतर दुसरीकडे जायला लागले, आणि बरोबर केलं त्यांनी.

हेच इंजिन जुन्या डिझेल डस्टरला आहे, टेरानोला आहे, डिझेल सनीला आहे. म्हणजे ही पिन माझ्या कपाटात पडून राहणार नाही. परवाच दिंडोरीहून डस्टर आली. पिन आत फिरवली, हाताखालच्या पोराला सांगितलं, क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव, हळू, अडला की थांब. बारीक 'टक्' झालं. पोरगं म्हणालं, "बस? एवढंच?" त्याला काय सांगू. एवढं मात्र दोनदा बजावलं, ही पिन जागा दाखवायला आहे. पुलीचा बोल्ट सोडताना क्रँक हिच्या जिवावर अडवलास तर पिन जाईल आणि तूही जाशील.

फियाटच्या तेराशे सीसी डिझेलचा लॉक सेटही मिळाला, कॅमच्या दोन पिना आणि क्रँकची एक. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत ते इंजिन. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस सहा नियम आले आणि नव्या गाड्यांत ते यायचं थांबलं. रस्त्यावरून ते अजून हटलेलं नाही.

सगळंच घ्यावं असं नाही. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर होता, आटे झिजलेले, तो मी भंगारवाल्यालाच सोडला. ती स्प्रिंग सुटली तर जबडा जातो. बोल्ट मोजून आवळायचा जुना टॉर्क पानाही नको, कॅलिब्रेशन कधी झालं ते देव जाणे. आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायचा कंपनीचा जुना स्कॅनर तर फुकट दिला तरी आधी गाडीला लावून बघा. मी एकदा सहा हजाराला घेतला होता. त्याचं सॉफ्टवेअर डीलरच्या लॉगिनशिवाय उघडेचना. बायकोने त्याच्या पेटीत आता शिवणाचं सामान ठेवलंय, पेटी खरंच मजबूत आहे.

साडेबारा किलोपैकी तीन वस्तूंचा अजून पत्ता लागलेला नाही. दोन डॉल्या असाव्यात. तिसरी मात्र तीन पायांची, मधे डाव्या आट्यांचं भोक, एका पायाला पितळी टोपी, नंबर घासून गेलेला. सध्या तिच्यावर चहाची किटली ठेवतो. कोणाला ओळखीची वाटली तर वडाळा नाक्यावर येऊन बघा, चहा तिच्यावरचाच पाजीन.