बीचमच्या गोळ्या घेणारी माणसे

औषधांचा इतिहास शिकवायला लागल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो, विद्यार्थ्यांकडूनही आणि एखाद्या व्याख्यानानंतर थांबून बोलणाऱ्या श्रोत्यांकडूनही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये आगगाडी होती, तारायंत्र होते, विद्यापीठे होती; मग अशा देशातली माणसे एकाच गोळीने अपचनापासून भयंकर स्वप्नांपर्यंत सारे काही बरे होते, या जाहिरातीवर विश्वास कसा ठेवत होती? ती इतकी भोळी होती का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. ती भोळी नव्हती. त्यांच्यापुढे जो पुरावा होता त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या जागी असतो तर आपणही काढला असता, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात गोळीपासूनच करते. थॉमस बीचम हा लहानपणी मेंढ्या राखणारा मुलगा पुढे बाजारांतून फिरून गोळ्या विकू लागला आणि सेंट हेलेन्स या गावी त्याने कारखाना उभारला. ‘डबीचे मोल एक गिनी’ ही त्याची जाहिरात इंग्लंडभर झळकत होती. या गोळीत काय होते? काळा बोळ, सुंठ आणि साबण. यातला काळा बोळ म्हणजे कोरफडीचा कडू रस आटवून केलेला खडा. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात तो आजही मिळतो. वर्गात मी तो मुद्दाम आणून ठेवते. बाहेरून काळपट आणि मळकट दिसणारा हा खडा फोडला की आतून काचेसारखा चकाकतो, आणि त्याचा बारीकसा कण जिभेला लावला तरी कडवटपणा बराच वेळ जात नाही. त्यातली रेचक द्रव्ये जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जातात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि मग आतड्याची हालचाल वाढते. याला साधारण आठ ते बारा तास लागतात. म्हणजे रात्री झोपताना गोळी घ्यावी आणि सकाळी पोट साफ व्हावे, हे अगदी नेमाने घडत असे.

पाव, बटाटे आणि चहा यांवर दिवस काढणाऱ्या, बारा-बारा तास एका जागी राबणाऱ्या माणसाचे पोट साफ झाले, की त्याचे डोके हलके होते, भूक लागते, झोपही बरी लागते. त्याने गोळी घेतली होती आणि त्याला बरे वाटले होते, यात खोटे काहीच नव्हते. खोटे होते ते त्या अनुभवावर रचलेले पुढचे सगळे दावे. शिवाय अनेक दुखणी आपोआप बरी होतात, आणि त्याचे श्रेय शेवटी घेतलेल्या औषधाला मिळते. हा घोटाळा उलगडायला लागणारी तुलनात्मक चाचणीची पद्धत त्या काळच्या वैद्यकशास्त्राकडेही रुळलेली नव्हती.

आता डॉक्टरकडे जाण्याचा मार्ग पाहा. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग (एक शिलिंग म्हणजे बारा पेनी), आणि प्रतिष्ठित डॉक्टरच्या एका भेटीची फी साधारण तेवढीच असे. बीचमच्या जाहिरातीतली गिनी ग्राहकाला नेमकी कशाची आठवण करून देत होती, ते यावरून लक्षात येईल. बरे, एवढे पैसे मोजून मिळत काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर रक्त काढणे, जळवा लावणे आणि पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल देणे हेच नामांकित डॉक्टरांचेही उपचार होते. कॅलोमेलने हिरड्या सुजत, लाळ गळत राही, दात हलू लागत. अशा वेळी एक शिलिंग दीड पेनीत छप्पन्न गोळ्या देणारी डबी गरिबाला अधिक सुरक्षित वाटली असेल, तर ते त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

त्या किमतीतली दीड पेनी फार महत्त्वाची आहे. एक शिलिंगपर्यंतच्या औषधावर सरकारचा दीड पेनी कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून प्रत्येक डबीवर सरकारी मुद्रांक चिकटवलेला असे. सरकारने औषध तपासले आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हता. परंतु ग्राहकाला तो तसाच वाटे, आणि मुद्रांक नसेल तर माल नकली समजा, असे उत्पादकच बजावून सांगत. ‘पेटंट औषध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतेच, कारण पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागली असती. विसाव्या शतकाच्या आरंभी या मुद्रांकांतून तिजोरीत वर्षाला तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा होत होती. एवढे उत्पन्न देणाऱ्या धंद्याला हात लावण्याची सरकारला घाई नव्हती.

वृत्तपत्रांचे हितसंबंधही तसेच गुंतलेले होते. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये रद्द झाला, त्यानंतर स्वस्त वृत्तपत्रे झपाट्याने वाढली आणि त्यांच्या उत्पन्नात औषधांच्या जाहिरातींचा वाटा मोठा राहिला. थॉमस हॉलोवे हा मलम आणि गोळ्या विकणारा दुसरा मोठा उद्योजक आयुष्याच्या अखेरीस जाहिरातींवर वर्षाला सुमारे पन्नास हजार पौंड खर्च करत होता. त्याच्याच पैशातून लंडनजवळ स्त्रियांसाठी महाविद्यालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये खुद्द राणीने त्याचे उद्घाटन केले. ज्या माणसाच्या संस्थेचे उद्घाटन राणी करते, त्याच्या गोळीबद्दल सामान्य माणसाने शंका घ्यावी, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते.

इथपर्यंत नुकसान होत होते ते बहुतांशी पैशांचे. परंतु मुलांच्या औषधांचा विषय निघाला की मला शांतपणे लिहिणे अवघड जाते. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे काकवी आणि अफूचे पातळ औषध दात येताना रडणाऱ्या, पोट दुखणाऱ्या मुलांना सर्रास दिले जाई. गिरणीत जाणारी आई मूल शेजारच्या बाईकडे ठेवी, आणि ती एकटी अनेक मुले सांभाळत असल्यामुळे सगळी झोपलेली असणेच तिला सोयीचे पडे. एका दुकानातल्या बाटलीत अफू किती आणि दुसऱ्या दुकानातल्या बाटलीत किती, याचा काहीही मेळ नसे. काही मुले जास्त मात्रेने दगावली; त्याहून कितीतरी अधिक मुले गुंगीत राहून दूध पिईनाशी झाली, सुकत गेली, आणि त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत अफूचा उल्लेखही आला नाही. १८६८ च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधने घातली खरी, परंतु पेटंट औषधांना त्यातून वगळले. संसदेने उघड्या डोळ्यांनी ठेवलेल्या या पळवाटेचा मला सर्वांत अधिक राग येतो. पुढे मुंबईतल्या कापड गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या बायकाही आपल्या तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळागोळी देत होत्या, आणि तिथेही कारण तेच होते: गिरणीतली कामाची पाळी चुकवता येत नव्हती आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते. त्या आयांना अडाणी ठरवण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आपल्या देशाशी आणखी थेट संबंध आहे तो क्लोरोडाइनचा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी ते पटकीवरचा, म्हणजे कॉलऱ्यावरचा, उपाय म्हणून तयार केले. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे हे मिश्रण होते. जुलाब थांबवणे आणि वेदना कमी करणे ही दोन्ही कामे अफू खरोखरच करते, म्हणून या औषधाची कीर्ती टिकली. मात्र पटकीत माणूस मरतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि त्यावर क्लोरोडाइनकडे काहीच उत्तर नव्हते. उलट, अनेकांना त्याचे व्यसन जडले.

या धंद्याला कुणी जाब विचारला की नाही, असे तुम्ही विचाराल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना एक खटला पाठ असतो. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचे, नाकाने भुकटी ओढायचे साधन दहा शिलिंगला विकले जात होते. ते दोन आठवडे रोज तीनदा वापरूनही इन्फ्लुएन्झा झाल्यास शंभर पौंड देऊ, आणि आमची दानत दिसावी म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असे जाहिरातीत म्हटले होते. लुइझा कार्लिल या बाईंनी ते सांगितल्याप्रमाणे वापरले, तरी जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएन्झा झाला. कंपनीने पैसे नाकारले, बाई न्यायालयात गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. भारतातल्या विधी महाविद्यालयांतही करार कायद्याचा अभ्यास करताना तो आजही शिकवला जातो. तरीही एक गोष्ट नीट पाहायला हवी: कंपनी हरली ती दिलेले वचन मोडले म्हणून. औषध निरुपयोगी असल्याबद्दल तिला कोणतीही शिक्षा झाली नाही, कारण तसा कायदाच नव्हता.

खरा घाव बसला तो पृथक्करणाने. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ही गुप्त औषधे प्रयोगशाळेत तपासून घेतली आणि १९०९ मध्ये त्यांतले घटक व त्यांची किंमत पुस्तकरूपाने जाहीर केली. बीचमच्या छप्पन्न गोळ्यांतल्या द्रव्यांची किंमत निघाली सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. ग्राहक मोजत होता ती किंमत याच्या शंभरपटीहून अधिक होती. अनेक वृत्तपत्रांनी या पुस्तकाची जाहिरात घ्यायलाही नकार दिला. लोकांना ही माहिती मिळू नये असे कुणाला वाटत होते, हे त्या नकारातून पुरेसे स्पष्ट होते, आणि म्हणूनच भोळेपणाचा आरोप ग्राहकावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. (याच बीचम कंपनीने पुढे संशोधनात पैसा घातला आणि आज आपल्याकडच्या प्रत्येक औषधाच्या दुकानात असणारे अमॉक्सिसिलीन तिच्याच प्रयोगशाळेतून आले. हा भाग सांगितला नाही तर चित्र अपुरे राहील.)

पुस्तकानंतर संसदेची समिती नेमली गेली. तिने दोन वर्षे साक्षी घेतल्या आणि कडक शिफारशी केल्या, पण अहवाल प्रसिद्ध झाला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ज्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्या अहवालाकडे लक्ष द्यायला मग कुणाला सवड उरली नाही. औषधातले घटक वेष्टनावर छापण्याची सक्ती ब्रिटनमध्ये व्हायला १९४१ साल उजाडले, आणि मुद्रांकाचा तो करही त्याच वर्षी रद्द झाला.