पौर्णिमेचं कोलंबो

नवीन कालनिर्णय घरात आलं की नोकरदार मुंबईकर आधी संकष्ट्या बघत नाही, लाल आकडे बघतो. एखादी सुट्टी शुक्रवारी किंवा सोमवारी पडली असली की चेहरा उजळतो. रविवारी पडलेली दिसली की कॅलेंडर छापणाऱ्यावरच राग निघतो. पूर्वी अशा जोडसुट्टीला माथेरान, अलिबाग, फार तर महाबळेश्वर. पण खंडाळ्याच्या घाटात चार-चार तास गाडीत बसून चिक्की घेऊन परत येण्यापेक्षा सरळ परदेश गाठलेला बरा, हा शोध अलीकडे लागला आहे आणि हिशेबाने तो खराही आहे. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तास. आमच्या मिलिंदला नालासोपाऱ्याहून मुलुंडला सुहासकडे यायला कधीकधी तेवढा वेळ लागतो, आणि वाटेत बसायला जागाही नसते.

तर बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली आणि कॉलेजच्या आमच्या टोळक्याचं कोलंबो ठरलं. कोणाला लहानपणापासून त्या शहराची ओढ होती असं काही नाही. व्हिसाची कटकट कमी, आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनच्या वर, आणि घड्याळ बदलायचं नाही, कारण त्यांची आणि आपली वेळ एकच. एवढ्या गुणांवर आपल्याकडे लग्नंसुद्धा जमतात. स्थळ सुचवलं वर्षाने, यादीही तिनेच केली: लोटस टॉवर, म्युझियम, गंगारामय मंदिर, पेट्टाचा बाजार, प्रत्येकापुढे वेळ. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात, आणि त्या दिवशी दारू मिळत नाही. वैशाखी पौर्णिमा म्हणजे तर वेसाक, तेव्हा सलग दोन दिवस दारूही बंद आणि मटणाची दुकानंही बंद. मिलिंदने यादी शेवटपर्यंत वाचली नव्हती.

हॉटेलच्या काउंटरवर त्याला ही बातमी कळली तेव्हाचा त्याचा चेहरा केतकीने टिपून ठेवला आहे. "म्हणजे पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन मी इथे श्रावण पाळायला आलो?" असं तो म्हणाला. मग वर्षभरात पौर्णिमेच्या किती सुट्ट्या होतात याचा त्याने हिशेब केला, आणि दारू गेल्याचं दुःख मागे पडून या देशातल्या नोकरदारांविषयी त्याला जो मत्सर वाटू लागला तो परतीच्या विमानापर्यंत टिकला.

परक्या शहरात मुंबईकर काय बघतो? यादी काहीही असो, तो आधी आपल्याकडचंच शोधतो. कोलंबोत त्याला फार शोधावं लागत नाही. इथेही फोर्ट आहे आणि त्यात किल्ला नाही. आपल्याकडे फोर्टाची तटबंदी गव्हर्नर फ्रियरच्या काळात, १८६०च्या दशकात पाडली. इथली त्यानंतर थोड्याच काळाने गेली. आत तीच दगडी बँका-कचेऱ्यांची गर्दी, तेच कमानींखालचे फुटपाथ. भर चौकात एक मनोरा उभा आहे, घड्याळाचा आणि दीपस्तंभाचाही. १८५७च्या सुमाराचा, आणि त्याचा आराखडा गव्हर्नर वॉर्डच्या बायकोने, एमिलीने, केलेला. पुढे आजूबाजूला इमारती उठल्या, समुद्रावरून त्याचा दिवा दिसेनासा झाला आणि दीपस्तंभ म्हणून त्याची नोकरी गेली. सुहासने वीस वर्षांचं कर्ज काढून सी व्ह्यूचा फ्लॅट घेतला आणि ताबा मिळेपर्यंत समोर टॉवर आला, त्यामुळे तो त्या मनोऱ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबला.

वॉर्डसाहेबांनी स्वतः केलेलं काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गॉल फेस ग्रीन. १८५९मध्ये आखलेलं, समुद्राला लागून अर्धा किलोमीटर पसरलेलं मोकळं मैदान. एवढंच. कुंपण नाही, तिकीट नाही, कोणाचा पुतळा होणार असल्याचा फलक नाही. पोरं पतंग उडवत होती. एका गाड्यावर वडे होते आणि प्रत्येक वड्यावर एक अख्खी कोळंबी चिकटवलेली, शेपटीसकट, ती खाणाऱ्याकडे बघत असल्यासारखी. मिलिंदला तिथे थोडं जगावंसं वाटू लागलं. सुहास मात्र मैदानाच्या कडेने चालत मनातल्या मनात स्क्वेअर फुटाचा भाव काढत होता. सवयच ती, मोकळी जागा दिसली की आपल्याला आधी बिल्डर दिसतो. याच मैदानावर २०२२मध्ये लोकांनी तंबू ठोकले होते. पेट्रोल नाही, गॅस नाही, वीज तासन्‌तास गुल, म्हणून एप्रिलपासून माणसं येऊन बसली आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. शहरात असं बसायला मैदान लागतं, हे आझाद मैदान ठाऊक असलेल्यांना सांगायला नको.

लोटस टॉवर पाहिला. तीनशे पन्नास मीटर उंच आहे आणि वरून खाली सगळं लहान दिसतं.

त्यापेक्षा मला माउंट लाव्हिनियाला जाणारी लोकल सांगायची आहे. फोर्ट स्टेशनवर पुठ्ठ्याचं छोटं तिकीट मिळालं, आपल्याकडे पूर्वी असायचं तसंच, आणि वर्षाने ते लगेच पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवलं. रुळांची रुंदी आपल्याएवढीच, गाडी डिझेलची, दारं उघडी. फोर्ट सोडलं की थोड्या वेळात गाडी समुद्राला जी लागते ती जवळजवळ सोडतच नाही. रूळ आणि लाटा यांच्यामध्ये फक्त काळे दगड. बांबलपिटिया, वेल्लवत्ते, देहिवला अशी स्टेशनं येतात आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या पलीकडे हिंदी महासागर. डब्यात बसायला जागा होती. मिलिंद तरी दारातच उभा राहिला, बॅग पोटाशी, एक हात वरच्या दांड्याला, अंग तिरकं, म्हणजे विरार फास्टला उभा राहतो तसा, मागून रेटणारं कोणी नसताना. शेजारी एक कॉलेजातला मुलगा दारात पाय सोडून वारा खात होता. तो मिलिंदकडे बघत राहिला. हा माणूस नेमका कशाशी झगडतोय, हे त्याला कळत नसावं.

नालासोपाऱ्याचा विषय निघालाच आहे तर 'महावंस' या श्रीलंकेच्या जुन्या पाली बखरीतली गोष्ट सांगते, कारण ती मी त्याच दारात मिलिंदला सांगितली. सिंहली लोकांचा मूळपुरुष राजपुत्र विजय. बापाने हाकलल्यावर तो सातशे साथीदारांसह जहाजातून निघाला. लंकेला पोचण्याआधी त्याचं जहाज लागलं सुप्पारक बंदराला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला. तिथे राहिलाही असता, पण सोबतच्या मंडळींनी इतकी दांडगाई केली की जिवावर बेतलं, आणि त्याला पुन्हा जहाजात बसावं लागलं. "म्हणजे मित्रांमुळे नालासोपारा सुटला आणि थेट देश मिळाला," मिलिंद म्हणाला, "आणि तुमच्यामुळे मला काय मिळालं? शाकाहारी थाळी."

वेसाकची रात्र यादीत फक्त 'रोषणाई, ७ ते ८' अशी होती. ती काही आठला संपली नाही.

संध्याकाळ झाली तसं शहर घराबाहेर पडलं. आजी-आजोबा, कडेवरची पोरं, बहुतेक जण पांढऱ्या कपड्यांत. चौकाचौकात तोरणं म्हणून भल्या उंच कमानी, मधोमध बुद्धाच्या चित्राभोवती जातककथांची चित्रं, त्यांवरून हजारो दिवे पळताहेत आणि लाउडस्पीकरवर कोणीतरी ती कथा पद्यात सांगतोय. आपण लालबाग-परळच्या देखाव्यांवर पोसलेले, आपल्याला हे ओळखीचं वाटणारच. ओळख वरवरचीही नाही. इंग्रजांनी वेसाकची सुट्टी पुन्हा दिली ती १८८५मध्ये, आणि बौद्ध ध्वज पहिल्यांदा फडकला तोही त्याच वर्षी वेसाकच्या दिवशी. टिळकांचा सार्वजनिक गणेशोत्सव त्यानंतर आठ वर्षांनी. राज्य दुसऱ्याचं असताना रस्ता तरी आपला करून घ्यायचा, हे दोन्हीकडे साधारण एकाच सुमाराला सुचलेलं दिसतं.

गल्लीगल्लीत कंदील. सुहास गिरगावच्या चाळीत वाढला. दिवाळीत कंदील विकत आणणं हा तिथे कमीपणा होता. एका घरासमोर तो थांबला. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा अष्टकोनी कंदिलाची फाटलेली बाजू दुरुस्त करत होता. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधलेल्या, वर पातळ कागद, कोपऱ्यांना लहान लहान कंदील लटकवलेले आणि खाली झिरमिळ्या. मुलगा खळ बोटाने लावत होता आणि कागद ओला होऊन पुन्हा पुन्हा फाटत होता. सुहास काही न बोलता उकिडवा बसला, वाटीतली खळ चिमटीत घेऊन कागदाऐवजी कामटीला लावली, कागद वरून नुसता टेकवला आणि फुंकर मारली. बसला. मुलाने दुसरी बाजू त्याच्यापुढे सरकवली. मग घरातून चहा आला. मध्येच पावसाची सर आली तेव्हा अख्खी गल्ली प्लास्टिक घेऊन कंदिलांवर धावली, आणि सुहास त्यांच्यात होता, एका हाताने स्वतःचं टक्कल झाकत.

रस्त्याकडेला तरुण पोरं झेंडे हलवून गाड्या अडवत होती. आपल्याकडे असं कोणी अडवलं की हात आधी पाकिटाकडे जातो. इथे ते गाडी थांबवून खायला घालतात. दन्सल म्हणतात त्याला: कुठे भात, कुठे आइस्क्रीम, कुठे उकडलेला कसावा, ज्याचा आपण साबुदाणा खातो तो कंद, वर ओलं खोबरं आणि तिखटजाळ मिरचीचं वाटण. मिलिंदने मटणाचं दुःख तीन दन्सलांत विसरून दाखवलं. रांग बरीच मोठी होती, पण ती रांगच होती. कोणी कोपर मारलं नाही, 'अहो, एकच प्रश्न विचारायचाय' म्हणत पुढे घुसलं नाही. गर्दीत वावरायचं कसं हे आम्हाला शिकवायची गरज नाही अशी आमची समजूत होती. गर्दीत शिरायचं कसं हे आम्हाला येतं, एवढंच ते होतं.

गंगारामय मंदिराजवळ बेइरा तलाव आहे आणि त्यात पाण्यावर सीमा मालक नावाचं छोटं देऊळ, जेफ्री बावा या वास्तुशिल्पकाराने उभारलेलं. निळं छप्पर, भोवती बसलेल्या बुद्धमूर्तींची ओळ. केतकीने तिथे सगळ्यांना सेल्फीसाठी ओढलं. इतक्यात एक म्हातारी, पांढरी साडी, हातात कमळाची कळी, येऊन हसली आणि केतकीच्या हातातला फोन घेतला. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे तिने खुणेनेच सांगितलं. मग आम्हा सगळ्यांना खांद्याला धरून उलटं फिरवलं आणि मागे जाऊन फोटो काढला. या सहलीतला सगळ्यांचा एकत्र फोटो तो एवढाच: समोर बुद्ध, अलीकडे आमच्या पाठी.

आणि मग वर्षा तिथेच बसली. ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. आमच्यासाठी जो लाल आकडा होता, तो तिच्या घरी पांढरी साडी, वंदना आणि खिरीचा दिवस. यादीत कोलंबो कसं आलं, ते आता कुठे आमच्या लक्षात येत होतं. बाबासाहेब १९५०च्या मे महिन्यात बौद्ध परिषदेसाठी इथे सिलोनला आले होते, नागपूरच्या दीक्षेच्या सहा वर्षं आधी, हे तिने विमानात सांगितलं होतं आणि आम्ही खिडकीतून ढग बघत ऐकलं होतं. समोर लोक त्रिशरण म्हणत होते. वर्षा त्यांच्याबरोबर म्हणू लागली, मग पंचशील, एकही शब्द न अडखळता. उच्चार थोडे वेगळे, ताल वेगळा, पाली तीच. म्हातारीने वळून तिच्याकडे पाहिलं, जरा सरकली आणि हातातली कळी तिला दिली. आम्ही बाकीचे, एवढा वेळ या गर्दीत मुरलो म्हणून खूश असलेले, चपला सांभाळत उभे.

परत जाताना रिक्षावाल्याने विचारलं, मुंबईहून का? रिक्षा बजाजची होती, वाळूजलाच बनलेली असणार, तेव्हा ओळख तशी जुनीच. त्याला एकदा मुंबईला यायचं होतं. सिनेमावाल्यांची घरं नाही, गणपती बघायला. झालं. सगळे एकदम बोलू लागले. मिलिंद म्हणाला, शनिवार-रविवारी अजिबात यायचं नाही. केतकी म्हणाली, पाकीट पुढच्या खिशात. सुहासने त्याला लालबागसाठी चिंचपोकळीला उतरायला सांगितलं. वर्षा म्हणाली, काहीतरी सांगू नकोस, करी रोड जवळ पडतं. सुहास म्हणाला, पण तिथला पूल त्या दिवसांत कसा भरतो माहितेय ना, म्हणून चिंचपोकळी. हे सगळं इंग्रजीत सुरू झालं होतं, आता मराठीत चाललं होतं, आणि हॉटेल मागे गेलं तरी रिक्षावाला मान हलवत सरळ पुढे चालला होता.