अमेरिकन ट्यूब अ‍ॅम्प आणि आपल्या भिंतीतलं अर्थिंग: माझा अनुभव

अ‍ॅम्प गिटारचा, फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब रीइश्यू (जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती). अमेरिकेतलं मॉडेल, म्हणजे फक्त १२० व्होल्टवर चालणारं. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, ५एआर४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारी ट्यूब) आणि सहा छोट्या ट्यूब. ट्यूब बदलून बायस (पॉवर ट्यूबमधून सतत वाहणारा करंट) बसवण्याचं काम सरळ पार पडलं. जीव खाल्ला तो भिंतीतल्या सॉकेटने आणि "अर्थिंग एकदम ओके आहे साहेब" म्हणणाऱ्या वायरमनने.

आधी स्टेपडाउन, म्हणजे आपले २३० व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर. ११० व्होल्टचा घेऊ नका, १२० चा मागा. ११० वर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी ५.८ व्होल्ट मिळतात, म्हणजे ट्यूबला चालणारी १० टक्क्यांची सवलत जवळपास संपलीच. संध्याकाळी लाइन २१० वर आली की ५.३. क्षमता ५०० व्हीए घ्या, कारण आपल्या ५० हर्ट्झवर अ‍ॅम्पमधला ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर तसाही जास्त तापतो.

आता स्पीकरमधली घरघर. गिटारची केबल काढली की फेंडरचा इनपुट जॅक आपोआप ग्राउंड होतो, त्यामुळे तेव्हा जो आवाज उरेल तो अ‍ॅम्पचा स्वतःचा. इथे केबल काढली की सगळं शांत, केबल लावली की घरघर, आणि गिटारच्या तारांना हात लावला की ती वाढायची. मेख इथेच. अर्थ नीट असेल तर हात लावल्यावर बझ कमी व्हायला हवा. वाढला तर चेसिसला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) अर्थ मिळत नाही असं धरून चाला. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून थेट चेसिसला जोडलेल्या असतात, तेव्हा हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही.

स्टेपडाउनचं आउटपुट दोन पिनांचं निघालं. दुकानदाराचं म्हणणं, "तिसऱ्या पिनची गरजच नसते." नसते कशी? आत ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, तो अ‍ॅम्पला मेन्सपासून (घरच्या लाइनपासून) वेगळं करत नाही. तीन कोअरची १.५ स्क्वेअर एमएम वायर आणि तीन पिनांचं अमेरिकन सॉकेट बसवून घेतलं. सगळं बंद ठेवून, प्लग भिंतीतून काढून, त्याच्या जाड पिनपासून चेसिसपर्यंत मीटरने रेझिस्टन्स बघा. १ ओहमच्या आत हवा.

पण ही वायर जाते कुठे? वायरमनने टेस्टर लावला, दिवा पेटला, काम संपलं! टेस्टर फेज दाखवतो, अर्थबद्दल तो काहीही सांगत नाही. मीटर एसीवर लावून तीन रीडिंग घ्या. सॉकेटकडे तोंड करून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. माझ्याकडे फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३४, न्यूट्रल-अर्थ ०.०. वायरमन खूश. मला तो ०.० खटकला. त्याच बोर्डावर इस्त्री लावली. फेज-न्यूट्रल २२९ वर उतरलं, न्यूट्रल-अर्थ तरीही ०.०. खरं अर्थिंग असतं तर लोडवर इथे व्होल्ट-दोन व्होल्ट दिसलेच असते. मेन स्विच पाडून बोर्ड उघडला तर न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर काळ्या वायरचा बोटभर तुकडा! मागे कुठेही न्यूट्रल तुटला की अ‍ॅम्पच्या चेसिसवर, म्हणजे गिटारच्या तारांवर, २३० व्होल्ट. तुकडा काढल्यावर फेज-अर्थ नव्वदच्या आसपास तरंगायला लागलं: हिरवी वायर खाली मीटररूममध्ये कशालाच जोडलेली नव्हती.

ती जोडायची आणि खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडायचं, एवढं काम. पण त्याला सोसायटीच्या कमिटीची मीटिंग लागते, आणि "इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही" हे वाक्य लागतंच लागतं. गिटार न वाजवणाऱ्यांच्याही घरात गिझर असतो, हे पटवावं लागलं. अर्ज लेखी द्या, तीन रीडिंग त्यात लिहा, अर्थ टेस्टरने मोजणी मागा आणि ५ ओहमच्या आत आकडा आल्याशिवाय बिलावर सही होऊ देऊ नका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. तोवर अ‍ॅम्प बंद. अर्थ पिन कापून वाजवण्याचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना सोडून द्या.

अर्थ आल्यावर घरघर गेली. बारीक ५० हर्ट्झचा हम उरला, तो रिव्हर्बचा नॉब शून्यावर नेताच बंद. म्हणजे स्टेपडाउनचं चुंबकीय क्षेत्र तळातला रिव्हर्ब टँक (आवाज घुमवणारा स्प्रिंगचा डबा) पकडत होता. स्टेपडाउन मीटरभर लांब सरकवला, मिटलं. याउलट १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत बझ असेल तर फिल्टर कपॅसिटर किंवा बेमेळ पॉवर ट्यूब तपासा.

बायसचं राहिलंच. ६व्ही६जीटीची प्लेट (ट्यूबमधला धातूचा पत्रा) मर्यादा १२ वॅट. तिच्या ७० टक्के म्हणजे ८.४. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर २१ मिलिअँपिअर. पॉवर ट्यूबची पिन ८ (कॅथोड) आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकला की १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. स्पीकर जोडूनच, पंधरा मिनिटं गरम झाल्यावर मोजा. प्लेट लाल दिसली तर लगेच बंद करा.

चेसिस उघडण्याआधी प्लग काढा, स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या बाजूला ठेवा, आणि उघडल्यावर कशालाही हात लावण्याआधी क्लिप वायरने पहिल्या ट्यूबची पिन १ चेसिसला जोडा. त्या पिनवरच्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून वीज साठवलेले कपॅसिटर रिकामे होतात. तरी मीटरने खात्री करा. कर्कश शिट्टी मारणारी ट्यूब शोधताना टकटक लाकडी काडीने करायची. पेन्सिल नको, तिचं शिसं वीज वाहून नेतं.