विहीणबाईंच्या खापरपणजीशी तुमचं काय नातं?

हा प्रश्न मला गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत विचारला जातो, इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना विचारला जातो, आणि पुण्याहून बहिणीचा फोन आला की हमखास विचारला जातो. मुलीचं लग्न नॉर्थ कॅरोलिनातल्या जुन्या घराण्यात झालं, इथवर सगळ्यांना समजतं. पण तिच्या सासूच्या पणजोबांची आई कोण होती, कुठून आली, कधी गेली, याचे कागद मी का हुडकत बसते, हे कुणाच्या पचनी पडत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

नात्याचं उत्तर सोपं आहे. माझ्या नातवाच्या अंगात जेवढं माझ्या सासू-सासऱ्यांचं रक्त आहे, तेवढंच विहीणबाईंच्या आईवडिलांचंही आहे. आणि दुसरं असं, की विहीणबाईंनी मला मानाची साडी दिली नाही, त्यांनी मला त्यांच्या घरचं बायबल हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला जुनं वाचायची आवड आहे ना, बघा काही लागतंय का." लागलं.

इकडच्या जुन्या घरांतून बायबलमध्ये जुना करार संपून नवा सुरू होण्याच्या मधे काही आखीव पानं असत: जन्म, लग्नं, मृत्यू. घरातलं कुणीतरी टाकाने त्यात नोंदी करी. अशी पानं मिळाली की लोक लगेच तारखा उतरवून घेतात. मी आधी शीर्षकपानावरचं छपाईचं साल बघते. हे बायबल १८५४ साली छापलेलं, आणि पहिली नोंद १८३९ सालच्या लग्नाची. १८३९ ते १८५४ पर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, ओळींचा उतारही तोच. म्हणजे त्या एका बैठकीत आठवून लिहिलेल्या. पुढे मात्र शाई बदलते, एका नोंदीला डाग पडलाय, एका मुलाच्या जन्माखाली चारच महिन्यांनी त्याचा मृत्यू दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने घाईत लिहिलाय. त्या नोंदी त्या त्या वेळच्या. त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

खापरपणजीचं त्यात पहिलं नाव आहे, नवऱ्याचं आडनाव आहे. माहेर नाही. मृत्यूच्या पानावर नवऱ्याची नोंद १८५८ ची, तिची नोंदच नाही. घरात सांगत, ती नवऱ्यामागोमाग गेली. (हे नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांना ते चारचौघांत नको आहे.)

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, "शोधता तरी कसं?" त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: बाई शोधायची तर तिच्या नावाच्या मागे लागायचं नाही. तिच्या आसपासचे पुरुष कधी मेले ते बघायचं. बाप मेला की मृत्युपत्रात ती सापडते, नवरा मेला की कोर्टात सापडते. एरवी त्या काळच्या कायद्याच्या लेखी लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, सही नवऱ्याची, कर नवऱ्याच्या नावावर. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण १८४० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे रकान्यांतले आकडे: वीस ते तीस वयाची गोरी स्त्री, एक. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० साली. आणि त्यातही वयाचा भरवसा नाही. आमची खापरपणजी १८५० ते १८७० या वीस वर्षांत चौदा वर्षांनीच म्हातारी झाली!

माहेर सापडलं ते लग्नाच्या मुचलक्यात. नॉर्थ कॅरोलिनात १८६८ पर्यंत नवरदेवाला कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात लिहून द्यावं लागे की या लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही, आणि सोबत एक जामीन लागे. जामीन बरेचदा मुलीकडचा असे, भाऊ किंवा काका. या मुचलक्यांची सूची रॅलेच्या राज्य अभिलेखागारात आहे. तिच्यात १८३९ साल, नवऱ्याचं नाव, वधूचं नाव माहेरच्या आडनावासकट, आणि त्याच आडनावाचा जामीन. नुसत्या मुचलक्यावरून लग्न झालंच असं म्हणता येत नाही, पण बायबल आणि तो, दोन्ही जुळले. आडनाव मिळालं, मग बापाचं मृत्युपत्र मिळायला वेळ लागला नाही.

आणि तिथे मी थांबले. बापाने मुलग्यांना जमीन दिली होती. मुलीला पिसांची गादी, पलंग, एक गाय, एक खोगीर, आणि एक मुलगी. काळी मुलगी, गुलाम, तिचं पहिलं नाव लिहिलेलं, आडनाव अर्थातच नाही. गादी आणि गाईच्या ओळीतच.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाईच्या शोधात हे कुठे ना कुठे येतंच. मी त्याला तयार होते, कारण ईडन्टनला जाऊन आले होते. आम्ही राहतो त्या केरीहून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर, आल्बेमार्ल साउंडच्या काठी ते टुमदार गाव आहे. १७७४ साली तिथे ५१ बायकांनी ब्रिटिश मालावर बहिष्काराच्या ठरावावर आपापल्या नावाने सह्या केल्या, त्याचं गावाला फार कौतुक. बायकांची नावं कागदावर यायला त्यांनी स्वतः सही करावी लागते, एवढं त्यातून कळतं. पण मी गेले होते हॅरिएट जेकब्जसाठी.

हॅरिएट १८१३ च्या सुमारास त्या गावात गुलाम म्हणून जन्मली. तिची पहिली मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो हिने तिला वाचायला आणि शिवणकाम शिकवलं. मार्गारेट १८२५ साली वारली. तिच्या मृत्युपत्राला एक पुरवणी आहे, ३ जुलैची. तीत म्हटलंय की हॅरिएट ही आपली भाची मेरी माटिल्डा नॉरकॉम हिला द्यावी, आणि शिवाय आपलं खणांचं कपाट आणि कामाचं टेबल, आतल्या सामानासह. भाची तेव्हा तीन वर्षांची होती. पुरवणीवर मार्गारेटची सही नाही. साक्षीदारांत एक आहे डॉक्टर जेम्स नॉरकॉम, म्हणजे भाचीचा बाप. म्हणजे बारा-एक वर्षांची हॅरिएट प्रत्यक्षात कुणाच्या घरी गेली, हे वेगळं सांगायला नको. त्या डॉक्टरने तिला कसं छळलं ते तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं.

१८३५ साली ती पळाली. डॉक्टरने नॉरफोकच्या वर्तमानपत्रात शंभर डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. हॅरिएट कशी दिसायची, हे सगळ्यात बारकाईने सांगतो तो हा छळणारा: वय २१, उंची पाच फूट चार इंच, दाट काळे, मुळातच कुरळे पण विंचरून सरळ होणारे केस, बोलणं सफाईचं, शिवणकामात तरबेज, अंगावर चालू फॅशनचे कपडे. खरं तर ती गुलामी नसलेल्या उत्तरेला गेलीच नव्हती. त्याच गावात, मुक्त झालेल्या आजीच्या घराच्या माळ्यावर लपली होती. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि सगळ्यात उंच जागी तीन फूट. तिथे तिने जवळजवळ सात वर्षं काढली. १८४२ साली ती बोटीने निसटली. १८५२ साली न्यूयॉर्कमध्ये ती जिच्याकडे नोकरी करत होती त्या बाईंनी ३०० डॉलर भरून तिला कायद्याने मोकळं केलं. १८६१ साली तिने टोपणनावाने आत्मकथा छापली, गावाचं नाव लपवून आणि माणसांची नावं बदलून. परिणाम असा की पुढे शंभरएक वर्षं बरेचसे विद्वान ती कादंबरी समजत राहिले, एका गोऱ्या बाईने लिहिलेली. जीन फेगन येलिन या संशोधिकेने ते खोडून काढलं. तिच्या हाती हॅरिएटने मैत्रिणीला लिहिलेली पत्रं लागली, आणि आत्मकथेतला तपशील तिने नॉरकॉम घराण्याच्या कागदपत्रांशी ताडून पाहिला. येलिनची आवृत्ती १९८७ साली आली.

छळणाऱ्याच्या घरचे कागदच तिची साक्ष ठरले. हे डोक्यात ठेवून मी विहीणबाईंच्या खापरपणजीच्या नवऱ्याची दिवाणी फाईल उघडली.

१८५८. नवरा मृत्युपत्र न करता गेला, त्यामुळे कोर्टाने घरातल्या चमच्यापर्यंत यादी केली. विधवेला वर्षभराचा शिधा तोडून दिला: मका, खारवलेलं डुकराचं मांस, मीठ, कॉफी. जमिनीचा एक तृतीयांश भाग तिच्या हयातीपुरता. बाकीच्या सामानाचा अंगणात लिलाव, आणि त्या लिलावाची पावती फाईलमध्ये आहे. कोणी काय किती डॉलरला घेतलं, ओळीने. त्यात खापरपणजीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तिने घेतलं: एक चरखा, एक कढई, दोन खुर्च्या. स्वतःच्याच घरातली कढई! मी विहीणबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, "ती कढई आमच्याकडे अजून असायला हवी होती."

त्याच फाईलमध्ये पुढे गुलामांची वाटणी आहे. माणसांचे गट पाडलेले, प्रत्येक गटाची किंमत, आणि चिठ्ठ्या काढून कुठला गट कुणाला. बापाच्या मृत्युपत्रातून आलेली ती मुलगी आता बाई झालेली, नावापुढे दोन मुलं. ती विधवेच्या वाट्याला आली. तिचं एक मूल दुसऱ्या गटात गेलं. १८६० च्या जनगणनेत खापरपणजी कुटुंबप्रमुख म्हणून ठळक दिसते, आणि गुलामांच्या वेगळ्या तक्त्यात मालकीण म्हणूनही. त्या तक्त्यात गुलामांची नावं लिहीतच नसत. वय, लिंग, रंग. "२६, स्त्री, काळी." बस.

हे मी मंडळात सांगितलं की कुणीतरी "काय ही माणसं!" म्हणतं. त्यांना मी पेशवाईतल्या कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, आठवण करून देते. आपल्या दप्तरांतही बायकांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किमतीसकट. चहा गार व्हायच्या आत विषय बदलतो.

खापरपणजी लवकर गेली नव्हती. १८७० मध्ये ती मुलाकडे आहे, १८८० मध्ये तिथे नाही. घरच्यांनी तिथेच शोध सोडला होता. पण १८८० च्या जनगणनेपासून कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला, आणि त्यात 'सासू' ही नोंद म्हणजे सोन्याची खाण. ती शेजारच्या कौंटीत लेकीकडे होती, जावयाच्या घरात, सासू म्हणून. १८९० च्या जनगणनेचे कागद १९२१ मधल्या वॉशिंग्टनच्या आगीत आणि त्यानंतर बहुतेक नष्ट झाले, त्यामुळे मधली वीस वर्षं कोरी. १९०० मध्ये ती पुन्हा भेटते, त्याच घरात, ऐंशीच्या घरातली. त्या वर्षी बायकांना विचारत: किती मुलं झाली, किती हयात आहेत. तिच्यापुढे नऊ आणि दोन. बायबलात सातच आहेत.

मुलाकडून लेकीकडे का गेली, भांडण झालं की लेक बाळंतीण होती, हे कुठला कागद सांगणार? विहीणबाईंचं म्हणणं भांडण. त्यांना आपल्या घराण्याचा स्वभाव ठाऊक आहे.

सगळ्या कागदांच्या प्रती लावून नातवासाठी एक फाईल केली आहे. तिच्यात खापरपणजीच्या पानांमागे दुसऱ्या बाईची, त्या गुलाम बाईची, पानंही आहेत. विहीणबाईंच्या एका चुलतभावाने ती काढा म्हणून सांगितलं: मुलाच्या हातात हे कशाला द्यायचं, त्याचा काय दोष? माझं मत विचारलं तर, ती पानं काढली तर मृत्युपत्रही काढावं लागेल, वाटणीही आणि १८६० सालही. मग खापरपणजी उरते किती? एक मुचलका आणि कढई. विहीणबाईंनी चुलतभावाला फोनवर एवढंच सांगितलं की फाईल माझ्या घरी राहणार आहे, तुझ्या नाही.

दुसऱ्या बाईचं काम अजून चालू आहे. १८६६ साली नॉर्थ कॅरोलिनात कायदा झाला की गुलामीत एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी कोर्टात येऊन आपलं नातं नोंदवावं, किती वर्षांपासूनचं तेही सांगावं. काही कौंट्यांतल्या त्या वह्या टिकल्या आहेत, या कौंटीतली टिकली आहे. तिच्यात तिच्या नावाची एक बाई आहे, चौदा वर्षांचा संसार नोंदवणारी, आणि आता नवऱ्याचं आडनाव लावणारी. १८७० च्या जनगणनेत तेच जोडपं खापरपणजीच्या मुलापासून चार घरं सोडून राहतं, आणि घरात एक मुलगा आहे ज्याचं नाव वाटणीत दुसऱ्या गटात गेलेल्या मुलाचंच आहे. वयही जुळतं. पण त्या भागात त्या नावाच्या, त्याच वयाच्या आणखी दोघीजणी आहेत, म्हणून मी फाईलमध्ये ते पेन्सिलीनेच लिहिलंय. दुसऱ्या गटाच्या वारसाचीही फाईल कोर्टात असणार. ती मागवली आहे.